पावणेचार

“आणि हे सगळं तू एकट्यानं केलंस?”

खोब्रागडे बाईंनी मान वर न करताच विचारलं. पुढ्यात साबणाच्या पाण्याचं घमेलं होतं. त्यात एका जुन्या कीबोर्डची सुटी केलेली बटणं बुडाली होती. दात घासायच्या जुन्या ब्रशनं त्या एकेक बटण घासत होत्या आणि सुपात वाळत टाकत होत्या.

“हो बाई,” हितेंद्र बिसेन म्हणाला.

त्या ‘हो’ची लाज वाटायला अजून अर्धा तास होता.

बाईंनी झाडीपट्टीतल्या जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत उभी हयात काढली होती. कचेऱ्यांतून टाकून दिलेले संगणक बैलबंडीत घालून आणायच्या, उघडायच्या, पुसायच्या, चालू करायच्या. त्यांत घालायच्या ते सगळे मोफत प्रोग्राम. नुसते मोफत नव्हे, मोकळे. कुणीही आत डोकवावं, बदलावं, पुढं वाटावं असे. त्यांच्या शाळेत कपाटालासुद्धा कुलूप नसे. “उघडून बघा रे,” त्या पोरांना म्हणायच्या, “मोडलं तर पुन्हा जोडू.”

हितेंद्र त्याच पोरांतला. आठवीत असताना त्यानं तीनदा मोडलं होतं आणि चौथ्यांदा जोडलं होतं.

आता तो स्वतः मास्तर होता. नुसता मास्तर नाही, तंत्रस्नेही शिक्षक. त्यानं बनवलेलं ‘हितगणित’ अडीचशेच्या वर शाळांत चालत होतं. पुढच्या शनिवारी जिल्ह्याचा पुरस्कार होता. निमंत्रणपत्रिकेत ‘प्रमुख उपस्थिती’च्या खाली बाईंचं नाव छापून तो रविवारच्या दुपारी मोटारसायकलवरून आला होता.

“तुम्ही स्टेजवर हव्या, बाई. तुमच्या हातून शाल घ्यायची आहे मला.”

“बरं.”

“सगळे विचारतात, सर, तुमचे गुरू कोण...”

“बरं, बरं.” बाईंनी ‘क’चं बटण उन्हाकडे धरून पाहिलं. “आत जाऊन बघता येतं का रे तुझ्या हितगणितात?”

“नाही. पासवर्ड टाकलाय.”

“का?”

हितेंद्र हसला. “लोक फार वाईट झालेत, बाई. दुसऱ्याचं काम उचलतात आणि स्वतःचं म्हणून मिरवतात. बंदोबस्त करावाच लागतो.”

बाईंनी ‘क’चं बटण सुपात टाकलं.

मग पदराला हात पुसून त्यांनी हात पुढं केला. “दाखव.”

हितेंद्रनं टॅबलेट दिला. पहिल्याच पानावर त्याचा हात जोडलेला फोटो होता, खाली ‘निर्मिती व संकल्पना : हितेंद्र बिसेन सर’. बाईंनी फोटो नीट पाहिला. बेरीज उघडली नाही. वजाबाकी उघडली नाही. पाढ्यांनाही हात लावला नाही. त्यांचं बोट सरळ घड्याळाच्या पाठावर जाऊन थांबलं.

“चष्मा आत राहिला. तूच सोडव हे.”

पडद्यावर एक गोल घड्याळ होतं. लहान काटा चाराच्या जरा अलीकडे, मोठा नवावर. खाली चार उत्तरं.

“सोपं आहे,” म्हणत हितेंद्रनं ‘पावणेचार’वर बोट टेकवलं.

लाल फुली आली.

“बोट नीट लागलं नसेल.” त्यानं पुन्हा टेकवलं.

पुन्हा लाल फुली.

तिसऱ्यांदा त्यानं फार हळू, नेम धरून बोट ठेवलं. तिसऱ्यांदाही लाल.

बाईंनी चष्म्याशिवायच वाकून ‘पावणेतीन’ दाबलं. हिरवी चांदणी उगवली. टॅबलेटमधून टाळ्या वाजल्या.

हितेंद्रनं टॅबलेट जवळ ओढून घड्याळ पुन्हा पाहिलं.

“सव्वातीन, साडेतीन आणि मग पावणेतीन,” बाई म्हणाल्या. “सगळे पावणे एक तास मागे. नव्हे का?”

“तुम्हाला... तुम्हाला कसं ठाऊक?”

“मीच केलेली चूक आहे ती, बापा. न ओळखून कसं चालेल?”

अंगणात कोंबडी कुठंतरी माती उकरत होती.

तो प्रोग्राम मूळचा परदेशातल्या कुणा कुणाचा. बाईंनी ओळ न् ओळ मराठीत आणला होता. सात उन्हाळ्यांच्या सुट्ट्या त्यात घालवल्या होत्या आणि ‘मोजदाद’ नावानं सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. अट एवढीच : घ्या, वापरा, बदला, वाटा, पण पुढच्यालाही तेवढंच मोकळं द्या आणि आधीच्यांची नावं पुसू नका.

हितेंद्रनं तो घेतला होता. रंग बदलले. टाळ्या घातल्या. आपला फोटो लावला. नावांचं पान उडवलं आणि वरून कुलूप घातलं. हे सगळं एका दिवाळीच्या सुट्टीत झालं होतं. आधी मनात थोडं खुपलं होतं, पण पहिल्या शंभर शाळांनी वाहवा केल्यावर ते खुपणंही गेलं.

“बाई, मी...”

“आत चल.”

आतल्या खोलीत बाईंचा स्वतःचा संगणक चालू होता. त्यांनी ‘मोजदाद’ उघडला. तेच घड्याळ आलं. हितेंद्रनं ‘पावणेचार’ दाबलं. बरोबरची खूण आली. टाळ्या नाहीत, चांदणी नाही, नुसती खूण.

मग बाईंनी नावांचं पान उघडलं. एकेचाळीस नावं होती. प्रत्येकापुढं गाव, आणि काय दुरुस्त केलं ते. कुणी जोडाक्षर नीट केलं होतं, कुणी ‘कोन’ आणि ‘कोण’मधला घोळ मिटवला होता. बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं.

निर्झरा शेंडे, इयत्ता सहावी. पावणेचे सगळे तास चुकले होते, ते बरोबर केले.

“दोन वर्षं झाली,” बाई म्हणाल्या. “हिच्या मास्तरीणबाईंनी उघडून दाखवलं, हिनं दुरुस्त करून पाठवलं. मी वाचलं आणि अशी लाजले म्हणून सांगू... तीस वर्षं घड्याळ शिकवलं मी. पण दुसऱ्या दिवशी सगळीकडे बरोबर होऊन गेलं.”

“माझ्याकडची प्रत त्याच्या आधीची होती,” हितेंद्र पुटपुटला.

“हो ना. सगळी नावं पुसलीस...” बाईंना आता जरासं हसू आलं. “माझी चूक तेवढी सांभाळून ठेवलीस.”

त्या हसल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. रागावल्या असत्या तर मान खाली घालून उभं राहता आलं असतं.

आणि मग त्याला सुकवंती आठवली.

सुकवंती टेकाम. त्याच्याच शाळेतली, चौथीतली. हितगणित आल्यापासून हितेंद्र वह्या तपासत नसे. दर शनिवारी टॅबलेटवर चाचणी व्हायची आणि निकालाचा तक्ता आपोआप तयार व्हायचा. तक्त्यात एक नाव सतत लाल यायचं. घड्याळाच्या पाठात, फक्त पावण्यांना.

बाकीच्या पोरांनी दोनतीनदा लाल फुली पाहिली आणि मशीनला हवं ते उत्तर देऊन चांदण्या मिळवल्या. सुकवंतीनं ते केलं नाही. ती दर शनिवारी तेच उत्तर देत राहिली.

एकदा ती उठून उभी राहिली होती. “सर, माझं बरोबर हाये.”

हितेंद्रनं पडदा पाहिलाच नव्हता. त्याच्या हातात तक्ता होता. “चाळीस जणांना येतं आणि तुलाच येत नाही? मशीन खोटं बोलते का?” वर्ग हसला होता. त्यानं तिला मागच्या बाकावर, मागे पडलेल्यांच्या गटात बसवलं होतं.

चार महिने झाले त्याला.

आता तिला काहीही विचारलं, पाचातून दोन गेले किती असं जरी विचारलं, तरी ती आधी त्याच्या तोंडाकडे बघायची. तिथं काय दिसतं ते पाहायची आणि मग बोलायची. हितेंद्रला वाटायचं, पोरगी आता लक्ष देऊ लागली.

हे सगळं त्यानं बाईंना सांगितलं. एका दुसऱ्या शाळेतल्या मास्तरांनी निरोप पाठवला होता, ‘पावणेच्या प्रश्नांत गडबड दिसते, आम्हाला उघडून नीट करता येत नाही’, तेही सांगितलं. त्यानं उत्तरात हात जोडल्याचं चित्र धाडलं होतं. ‘नोंद घेतली, धन्यवाद.’ नोंद कुठंच घेतली नव्हती.

“त्या मास्तरांनी मलाही फोन केला होता,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे तुम्हाला आधीपासूनच...”

“तू येशील, असं वाटलं होतं. पत्रिका घेऊन येशील, असं वाटलं नव्हतं.”

खिशातली ती पत्रिका हितेंद्रला छातीशी टोचायला लागली.

“बाई, मी चोर आहे.”

“छे. चोरायला ते कुणी लपवून ठेवलं होतं? तुला द्यायलाच तर बसले होते मी सात उन्हाळे.” त्या थांबल्या. “चोर परवडला असता, हितेंद्र. चोर नेतो आणि दार उघडं टाकून जातो.”

हितेंद्रनं पत्रिका खिशातून काढून टेबलावर ठेवली.

मग बाईंनी स्वतःची खुर्ची मागे सरकवली आणि त्याच्यापुढं ओढली.

हितेंद्र बसला. काम येत होतं. ते याच गावात शिकलेलं काम होतं. त्यानं पासवर्ड काढला. फोटो काढला. एकेचाळीस नावांचं पान परत आणलं, निर्झराची दुरुस्ती आत घेतली आणि सगळं उघडं करून ‘मोजदाद’च्या शेजारी ठेवून दिलं. गावात रेंज जेमतेम होती. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. ती संपेपर्यंत दोघंही तिच्याकडे बघत बसले.

मग त्यानं अडीचशे शाळांच्या गटावर निरोप लिहिला. तीनदा लिहून खोडला. पहिल्यांदा त्यात ‘तांत्रिक अडचण’ असा शब्द आला होता. दुसऱ्यांदा ‘अनवधानानं’. तिसऱ्यांदा ‘क्षमस्व’. चौथ्यांदा साधं लिहिलं : हितगणित मी बनवलेलं नाही. खोब्रागडे बाईंसकट गावोगावच्या बेचाळीस जणांचं आहे. पावणेचे सगळे प्रश्न चुकीचे होते. ज्या मुलांना लाल फुली मिळाली, त्यांचं उत्तर बरोबर होतं.

“एकेचाळीस,” बाई म्हणाल्या. “बेचाळीस लिहिलंस.”

“तुमचं धरून, बाई.”

“माझं आहे त्यातच, सगळ्यात वर. बेचाळिसावं रिकामं आहे. ते लिही आणि मग पाठव.”

हितेंद्रनं नावांच्या पानाच्या तळाशी बोट आणलं. ‘हि’ टंकलं. पुढच्या रकान्यात लिहायचं होतं, काय दुरुस्त केलं. तो थांबला. आठवून आठवून पाहिलं. रंग बदलले होते. टाळ्या घातल्या होत्या.

त्यानं ‘हि’ पुसलं आणि लिहिलं : सुकवंती टेकाम, इयत्ता चौथी.

पुढच्या रकान्यात उमटलं : चूक चार महिने दाखवत होती. सरांनी ऐकलं नाही.

बाईंनी आतून चष्मा आणला. ती ओळ वाचली. बदलायला काही सांगितलं नाही.

निरोप गेला. दोनच मिनिटांत फोन खणाणू लागला. हितेंद्रनं तो पालथा घातला.

“पुरस्काराचं उद्याच कळवतो साहेबांना. नाही घेत म्हणून.”

“ते मला कशाला सांगतोस?” बाई म्हणाल्या आणि अंगणात जाऊन पुन्हा घमेल्यापाशी बसल्या.

तो पायरीवर आला. वहाणा पायात घातल्या आणि तिथंच उभा राहिला. शनिवारचा समारंभ, साहेब, गटातले मास्तर... त्यांतलं काहीच डोळ्यांपुढं येत नव्हतं. समोर येत होता तो सोमवारचा वर्ग आणि मागचा बाक.

“बाई, वर्गासमोर बोललो होतो तिला. माफीही वर्गासमोरच मागेन.”

“माग.”

“ती ‘हो सर’ म्हणेल. माझ्या तोंडाकडे बघून म्हणेल. माफी मागून ते तोंडाकडे बघणं जाईल का, बाई? ते मी कसं काढू?”

बाई उठल्या. ओल्या हातांनीच त्यांनी त्याचं मनगट धरलं, घड्याळाचा पट्टा सोडला आणि ते घड्याळ आपल्या कमरेला खोचलं.

“हे राहू दे इथं. उद्या वर्गातल्या घड्याळाकडे पाठ करून बस आणि मधल्या सुट्टीची घंटा कधी द्यायची, ते तिला विचार.”