सिद्राबाईची गाठ

"टोपली हलकी झाली म्हणजे काम झालं असं समजू नकोस, पोरी. भाकर उंबऱ्यावर ठेवून कधी फिरू नकोस. माणूस डोळ्यांनी बघ, मगच परत ये."

अर्दोनबाबांनी तिरसाला ही ताकीद पहिल्याच दिवशी दिली होती. तिने मान डोलावली होती, आणि मनात म्हटलं होतं, म्हातारी माणसं जरा जास्तच काळजी करतात.

ही गोष्ट फार जुन्या काळची. प्रभूच्या नावाने जमणाऱ्या मंडळींना तेव्हा ना देऊळ होतं, ना घंटा. समुद्राकाठच्या सलोरा गावात, मिठागरांच्या कडेला, एका कुंभाराच्या ओसरीवर ती जमत. संत अर्दोन हे त्या मंडळीचे सेवक. वय सत्तरीपुढचं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, टाचा मिठाने भेगाळलेल्या. गरिबांचा घास त्यांच्या हाती सोपवलेला होता आणि तो ते डोळ्यांत तेल घालून सांभाळत. दर रविवारी प्रार्थनेत सगळ्यांनी भाकर मोडून खाल्ली, की जे अंथरुणातून उठू शकत नव्हते, ज्यांना चालवत नव्हतं, त्यांचा वाटा घरपोच जाई.

बाबांनी त्याला एक रीत घालून दिली होती. प्रत्येक भाकर फडक्यात बांधून न्यायची. घेणाऱ्याने ती काढून घ्यायची, फडक्याच्या कोपऱ्याला आपल्या हाताने गाठ मारायची, आणि फडकं परत पाठवायचं. मग बाबा ओसरीच्या पायरीवर बसून एकेका गाठीवरून बोटं फिरवत. "ही लेवीची, नेहमीसारखी घाईची. ही सिद्राबाईची. उजव्या हाताला तीनच बोटं ना, म्हणून डावीकडे कलते." आणि वाटा पोहोचवणाऱ्याला त्यांचे प्रश्न ठरलेले असत. "हातात दिलंस? तुझ्यासमोर घास घेतला? काय म्हणाली?"

दिओदोरशेठला हे सगळं हास्यास्पद वाटे. त्याची तीन जहाजं होती आणि भाकरीचं पीठ त्याच्याच कोठारातून येई. गावभर त्याच्या दातृत्वाची कीर्ती होती, आणि ती सगळ्यांत आधी त्यालाच ऐकू येई.

"बाबा," तो भर सभेत म्हणे, "मी पीठ देतो आणि विसरून जातो. तुम्ही मात्र फडकी चाचपत बसता! देवाच्या घरी इतका संशय?"

बाबा हसत. "शेठ, देताना विसरायचं ते आपलं नाव. घेणाऱ्याचं नाव विसरून कसं चालेल? आज ज्यांना भाकर जाते त्यातलं एक तरी नाव सांगता?"

"नावं पाठ करायला मी काय तुमच्यासारखा रिकामा आहे?" शेठ म्हणे, आणि त्याच्याभोवतीचे लोक खो खो हसत.

तिरसाही त्या हसण्यात कधीकधी मिसळे. बिचारीचा नवरा वर्षापूर्वी तापाने गेला होता. पदरात मीखल नावाची दहा महिन्यांची लेक. मंडळीच्या भाकरीवर दोघींचं चाले, आणि त्या बदल्यात ती वाटे पोहोचवायचं काम करी. मनाने चांगली, पण जिवाला सतत घोर. पोरीला जरा शिंक आली तरी हिचा जीव टांगणीला.

त्या रविवारी तर मीखल पहाटेपासून फणफणली होती. तिला कुंभारणीच्या मांडीवर ठेवून तिरसा टोपली घेऊन निघाली. एकेका घरी भाकर दिली, गाठ घेतली, पुढे पळाली. सिद्राबाईचं घर सगळ्यांत शेवटी होतं, मिठागरांच्या पलीकडे.

"सिद्रामावशी!" तिने हाक मारली. उत्तर नाही. दार ढकललं. बंद. ऊन डोक्यावर आलं होतं. म्हातारी दार नेहमीच उशिरा उघडत असे. तिरसा कितीदा तरी तिथे ताटकळली होती. आज तिच्या डोळ्यांपुढे पोरीचा लाल चेहरा येत होता. झोपली असेल, उठली की घेईल, असं म्हणत तिने भाकर उंबऱ्यावरच्या वाडग्यात ठेवली.

पण फडकं? बिनगाठीचं नेलं, तर बाबा आल्या पावली परत पाठवणार!

तिरसाने इकडे तिकडे पाहिलं. कोपरा हातात घेतला, आणि स्वतःच गाठ मारली. जरा डावीकडे कललेली.

ओसरीवर परतल्यावर बाबांनी ते फडकं हातात घेतलं मात्र, त्यांची बोटं थांबली.

"हातात दिलंस, पोरी?"

तिरसा टोपलीतली बाकीची फडकी सारखी करू लागली.

"काय म्हणाली सिद्राबाई?"

"बाबा..." तिने टोपली खाली ठेवली. "दार बंद होतं. पोरगी तापली आहे हो माझी. मी भाकर तिथेच ठेवली."

मंडळीत बसलेला दिओदोरशेठ मोठ्याने हसला. "घ्या! ही तुमच्या गाठींची किंमत. अहो, एका भाकरीचं काय घेऊन बसलात? उद्या दहा पाठवतो."

"प्रश्न भाकरीचा नाही, शेठ," बाबा म्हणाले. एव्हाना ते काठी टेकत उठलेही होते. "सिद्राबाई घर सोडून कुठे जात नाही. आणि ती माणसाच्या हाकेची आठवडाभर वाट बघते. हाक ऐकून ती उठली नाही, म्हणजे तिला उठता येत नाही. चल, तिरसा."

भर उन्हात सत्तरीचा तो म्हातारा निघाला! मागोमाग सगळी मंडळी. "चला रे, बाबांची तपासणी बघू," म्हणत शेठही दोन खलाशांसह निघाला.

घरापाशी येताच सगळ्यांची पावलं थबकली. वाडग्यात भाकर होती तशीच होती. भोवती गावची कुत्री आणि समुद्रपक्षी गोल करून बसले होते, पण एकानेही तिला तोंड लावलं नव्हतं.

खलाशांनी दाराला खांदे लावले. ते हलेना. एकाने फटीला डोळा लावला आणि तो पांढरा पडला. "शेठ, छपराचा वासा दारावर कोसळलाय. त्याच्याखाली पाय दिसतोय म्हातारीचा. दार फोडलं तर सगळं छप्पर तिच्या अंगावर येईल."

आता कुणी हसेना. तिरसा वाडग्यातल्या भाकरीकडे बघत राहिली. मी थांबले असते, दारात दोन घटका ताटकळले असते, तर!

बाबांनी ते फडकं तिच्या हातात दिलं. "ही गाठ तू मारलीस. आता तूच सोड. आणि सोडताना खरं काय ते मोठ्याने सांग. प्रभूला ऐकू गेलं पाहिजे, आणि आत पडलेल्या तुझ्या मावशीलाही."

"वा!" शेठ पुटपुटला. "फडकं सोडून दार उघडतं होय?" पण त्याचा आवाज पहिल्यासारखा चढला नाही.

गाठ दगडासारखी झाली होती. तिरसाची नखं तुटली. "मावशी," ती रडत ओरडली, "मी तुझी खोटी गाठ मारली! तू जिवंत आहेस की नाही, हेसुद्धा मी पाहिलं नाही! प्रभू, हिला वाचव. जाब मला विचार!"

आणि गाठ सुटली.

त्याच क्षणी आतून लाकूड करकरलं. कुणी अदृश्य खांदा द्यावा तसा तो वासा हळूहळू वर उचलला गेला, आपल्या खोबणीत जाऊन बसला, आणि कुणाचा हात न लागता दार सताड उघडलं! धन्य तो प्रभू, आणि धन्य ते त्याचे सेवक!

सिद्राबाई जमिनीवर पडली होती, ओठ सुकून कोरडे, पण डोळे उघडे. शुक्रवारपासून ती तशीच होती. बाबांनी तिच्या तोंडात पाणी सोडलं.

"पोरी," ती तिरसाला म्हणाली, "आज दार उघडायला फारच उशीर झाला. रागावू नकोस."

तिरसाने भाकर आणली. ती तव्यावरून आत्ता उतरवावी तशी ऊन होती! म्हातारीने पहिला घास घेतला, आणि मागे दारात कुणीतरी खोकलं. ती चमकली.

"कोण? दिओबाळ? अजून गेला नाही का रे तुझा खोकला? मध चाटतोस की नाही?"

दिओदोर जागच्या जागी थिजला. या हाकेने त्याला जगात एकाच माणसाने बोलावलं होतं. तो दोन वर्षांचा असताना त्याचा हात फिरत्या जात्यात जाणार, तोच त्याच्या दाईने आपला हात मध्ये घातला होता. तिची दोन बोटं गेली. त्याची दहाच्या दहा शाबूत राहिली. पुढे, सात वर्षांपूर्वी, आई वारल्यावर घर बदललं, दाई सुटली. तो तिला नेहमी दाईच म्हणे, तिचं खरं नाव त्याने कधी विचारलंच नव्हतं. मंडळी तिला सांभाळते आहे, आपलं पीठ तिथे जातंच आहे, एवढं त्याला पुरेसं वाटलं. ती कुठे राहते, जेवते का, हे त्याने त्या सात वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

त्याने आपल्या दहा बोटांकडे पाहिलं. मग उंबऱ्यावर गुडघे टेकून त्याने आधी त्या तीन बोटांच्या हातावर कपाळ ठेवलं, आणि नंतर बाबांच्या भेगाळलेल्या पायांवर.

"बाबा, मी पीठ दिलं आणि खरंच विसरलो," तो हुंदके देत म्हणाला. "हिलाच विसरलो."

"ऊठ," बाबा म्हणाले. "पीठ तुझंच होतं. फक्त त्याच्यामागून तू यायचा राहिला होतास. आज आलास."

तिरसा घरी धावली तेव्हा मीखल कुंभारणीच्या मांडीवर भाकरीचा तुकडा चघळत बसली होती. कुंभारीण म्हणाली, "दुपारी एकाएकी घाम फुटला बघ, आणि उतरला ताप."

पुढच्या रविवारी सिद्राबाईचा वाटा दिओदोरशेठने स्वतः नेला. सगळं गाव बघत असताना परत येऊन पायरीवर मान खाली घालून उभा राहिला. बाबांनी गाठ चाचपली. छान डावीकडे कलली होती.

"हातात दिलंस?"

"दिलं, बाबा."

"तुझ्यासमोर घास घेतला?"

"घेतला. अर्धा मलाच भरवला."

"आणि काय म्हणाली?"

"म्हणाली, केस किती वाढलेत, कापून घे."

सगळी ओसरी हसली, आणि त्या दिवशी शेठ सगळ्यांत मोठ्याने हसला.

वाचणाऱ्या ताई, दादा, तुमचाही वाटा कुणाच्या तरी दाराशी जात असेल. कुणाला डबा, कुणाला औषधं. जिचं दार नेहमीच उशिरा उघडतं, अशी एखादी मावशी तुम्हालाही आठवली असेल. आज तिच्याकडे जा. हाक मारा, आणि ती दार उघडेपर्यंत तिथून हलू नका.