चिखलातली ढाल

स्टँडवरचं भिकोबाचं हॉटेल गेलं, रंगराव ढमढेरेही गेले. तरी त्या दुपारची आठवण निघाली की आम्ही म्हातारे अजून हसतो.

तलाठी भरतीचा निकाल लागला होता. माजी सभापती रंगरावांचा पुतण्या यादीत नव्हता. शिवणकाम करणाऱ्या सुंदराबाईंची वैजयंता होती.

"आमच्या पोराला सकाळच्या पेपरात दीडशे, हिला दुपारच्या पेपरात एकशे बेचाळीस, आणि नोकरी हिला? उद्याच कलेक्टरकडं जाऊन निवड रद्द करवतो!" रंगराव गरजले.

पेढे वाटायला आलेली वैजयंता म्हणाली, "आबा, दुपारचा पेपर अवघड होता. ज्याच्या त्याच्या पाळीत कोण कितवं आलं, ते बघून गुण जुळवतात. त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात."

"असला न्याय कुठं असतो?"

"तुमच्याच घरात, आबा. बैलगाडीच्या शर्यतीत तुमचा गट पावसानंतर चिखलात पळाला. तुम्ही गटात पहिले आलात, म्हणून ढाल मिळाली. पण सकाळच्या कोरड्या गटातली चौथी गाडीसुद्धा तुमच्यापेक्षा कमी वेळात पोचली होती. ढाल तिला नेऊन देता का?"

सारं हॉटेल खदखदलं. रंगरावांनी पेढा तोंडात टाकला.

पुढं कुणाच्याही पोराचा निकाल लागला, की रंगरावच ढाल दाखवून सांगायचे, "नुसते गुण काय विचारता? चिखल किती होता, ते विचारा!"