आत्याबाईंच्या चंचीतला चाकू

मुकुंदा, पाय आत घे बघू. आणि केस बघ किती वाढलेत, डोळ्यांवर येतात. उद्या न्हावी येणार म्हटलं की हा लपतो माळ्यावर. असू दे, उद्याचं उद्या. चिंगे, तू त्याची उशी ओढू नकोस. आता दोघांनी हूं म्हणायचं. हूं थांबला की गोष्ट थांबली, मग राक्षस बसेल सकाळपर्यंत ताटकळत.

तर एक होता राजा. सगळ्याच गोष्टींत असतो, तसा याही गोष्टीत होता. डोंगराच्या पायथ्याशी त्याचं राज्य. फार मोठं नाही, पण ज्वारी अशी यायची की कणसाच्या भाराने ताट वाकायचं. राजाला एक मुलगी होती, बकुळा. राजकन्या असली तरी स्वतःचे केस स्वतः विंचरायची बरं का. आजीला फणी घेऊन घरभर पळवायची नाही. हसू नकोस चिंगे, मी कोणाचं नाव घेतलं नाही.

मग एकदा काय झालं, त्या राज्यातला वारा बंद झाला. झाडाचं पान हलेना, दिव्याची वात थरथरेना. पहिल्यांदा लोक म्हणाले, बरं झालं, धूळ उडत नाही. पण तेव्हा ज्वारी नुकती मळून झाली होती. खळ्याखळ्यावर राशी पडल्या होत्या. आता मळलेल्या ज्वारीत दाणे असतात तसा भुसाही असतो. मग तिवईवर चढायचं, सूप उंच धरायचं आणि धान्य हळूहळू खाली सोडायचं. वारा भुसा उडवून नेतो, दाणे खाली पडतात. त्याला उपणणं म्हणतात. आणि वाराच नाही तर उपणणार कसं, सांगा बरं.

मग बायका बसल्या सुपाने पाखडत. दिवसभर पाखडावं तेव्हा कुठे एका घरची भाकरी व्हायची. हात भरून यायचे. गेल्या सालची ज्वारी तर संपलीच होती. डोळ्यांसमोर धान्याचे डोंगर आणि चुली थंड. राजवाड्यातसुद्धा माणशी अर्धी भाकरी यायला लागली.

राजवाड्यात दाईची एक नात होती, हौसा. एवढीशी, तुरुतुरु चालणारी. एक दिवस बकुळा स्वयंपाकघरात गेली तर हौसा रिकाम्या परातीत बोट फिरवून पीठ चाटत बसलेली.  तिने आपली अर्धी भाकरी हौसाला दिली आणि ठरवलं, काही झालं तरी वारा परत आणायचा.

वारा होता कुठे, ते कळलं होतं. डोंगरमाथ्यावर राहायचा जटाळ्या राक्षस. याने जन्मात केस कापले नव्हते. जटा वाढून वाढून पाठीवर, पाठीवरून जमिनीवर. मग उकडणार नाही तर काय होईल? रात्रंदिवस नुसता घामाने निथळायचा. एक दिवस त्याने जाणाऱ्या वाऱ्यालाच धरलं, आपल्या केसांच्या तीन वेण्या घातल्या आणि त्या वेण्यांनी वाऱ्याला वडाच्या झाडाला बांधून टाकलं. वेण्यांचं एक टोक झाडाला, दुसरं टोक त्याच्या डोक्याला. 'आता मला एकट्यालाच वारा घाल,' म्हणाला त्याला.

सेनापती गेले तलवार घेऊन. भलीमोठी तलवार, म्यानासकट खणखणत वर नेली. उचलून वेणीवर घातली. वेणी तुटली नाही, पण असा हिसका बसला की राक्षस जागा झाला. 'कोण रे माझे केस ओढतंय?' म्हणाला. सेनापतींना फुंकर मारून खाली उडवलं आणि तलवारीने दात कोरत बसला.

मग गेले प्रधानजी कुऱ्हाड घेऊन. तेच झालं. कुऱ्हाडीने राक्षसाने पाठ खाजवली. प्रधानजी असे गडगडत खाली आले की खरचटलेली पाठ पंधरवडाभर अंथरुणाला टेकता आली नाही.

मग बकुळा म्हणाली, 'बाबा, मी जाते.'

राजा नाही म्हणाला. पुन्हा नाही म्हणाला. मग त्यालाही हौसा दिसली परात चाटताना, तेव्हा डोळे पुसले आणि म्हणाला, 'जा. पण रिकाम्या हाताने जायचं नाही. शस्त्रागारातून काय हवं ते निवड.'

राजा बकुळाला शस्त्रागारात घेऊन गेला, तर त्याची थोरली बहीण मागोमाग आली. या आत्याबाई म्हणजे गोलमटोल, तोंडात कायम पान, आणि राजालासुद्धा चारचौघांत 'बाळ्या' म्हणायच्या. त्या म्हणाल्या, 'चढणीला आणि काट्याकुट्यात जायचंय तुला. जे न्यायचं ते कमरेला लाव आणि माझ्याशी फुगडी घाल. फुगडीत ज्याची आठवण होणार नाही तेच तुझं.'

झालं. शस्त्रागारात फुगडी. बकुळाने पहिल्यांदा हिऱ्यांच्या मुठीची तलवार लावली. एक गिरकी घेते न घेते तो म्यान पायात आलं आणि दोघी धपकन खाली. मग कोयता लावला. दुसऱ्याच गिरकीला कोयता कमरेच्या आकडीतून निसटला आणि गेला उडत, राजाच्या पागोट्याचा तुरा छाटून भिंतीत रुतला. राजा मटकन खालीच बसला.

मग राजा म्हणाला, 'माझ्याकडे एक नवलाईचा चाकू आहे.' तो होता मिटणारा. पण त्यात काय काय होतं म्हणून सांगू. पातं तर होतंच, शिवाय कात्री, फणी, चमचा, कानकोरणं आणि उंदराचा सापळा. मिटला तरी वरवंट्याएवढा. बकुळाने तो कमरेला खोचला, फुगडी सुरू झाली आणि चाकू, शेला, चाव्यांचा जुडगा, सगळं घेऊन खाली आला. सापळ्यात आत्याबाईंचा पदर अडकला तो वेगळाच.

आत्याबाई धापा टाकत बसल्या. 'थांब गं बाई, पान खाऊ दे आधी,' म्हणाल्या. कमरेची चंची काढली. चंची म्हणजे पानसुपारीची कापडी पिशवी, घड्या घालून ठेवतात ती. त्यातून पान काढलं, चुना काढला, आणि पानाचा देठ खुडायला एक चाकू काढला. मिटलेला होता तेव्हा बोटाएवढा. पात्याच्या खाचेत नख घालून उघडला तर हातात नीट मावेल एवढा झाला. मूठ शिंगाची, पातं पातळ. देठ असा कापला गेला की आवाजसुद्धा आला नाही.

बकुळा बघतच राहिली. म्हणाली, 'आत्या, आपण फुगडी घालत होतो तेव्हा हा कुठे होता गं?'

'कमरेलाच की. चंची कमरेलाच असते माझी.'

'टोचला नाही? जड नाही झाला?'

'अगं, मला आठवणसुद्धा नव्हती,' आत्याबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचा पान खाणारा जबडा थांबला. दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

बकुळाने हात पुढे केला तर आत्याबाईंनी चाकू मिटला आणि जमिनीवर ठेवला. 'उचल,' म्हणाल्या. 'पातं हातातून हातात दिलं की भांडण होतं. आणि तुझ्याशी भांडून मी जाऊ कुठे?' हे म्हणत त्यांनी बकुळाचा पदर घट्ट खोचून दिला. पोर राक्षसाकडे निघाली होती ना.

हूं म्हणा रे. झोपलात की काय?

मग बकुळा निघाली. चाकू होता कनवटीला, म्हणजे कमरेला लुगडं खोचतात ना, तिथे. चढताना दोन्ही हात मोकळे. थोडं चढून गेली तर पायात बाभळीचा काटा मोडला. बसली, चाकू उघडला, टोकाने हलकेच काटा काढला आणि चालू लागली. आणखी वर गेली तर एका शेळीची मान वेलीत गुरफटलेली. बिचारी ओरडून ओरडून दमली होती. बकुळाने वेल कापली, शेळी उड्या मारत गेली. त्याच्याही वर एका खडकावर एक म्हातारी बसलेली. तोंडात एक दात नाही, हातात ही लांब काकडी.

म्हातारी म्हणाली, 'सेनापतीला म्हटलं काकडी काप, तर तो तलवार उपसून उभा राहिला. प्रधानाने कुऱ्हाड उगारली. मी म्हटलं, नको बाबा, उपाशी बरी.'

बकुळाने बसून काकडीचे पातळ पातळ काप केले. म्हातारीने ते चघळत चघळत खाल्ले, आणि तिचे डोळे मिटले सुखाने. मग म्हणाली, 'वरचा तो माझाच नातू. दुपारी जेवून झोपतो, तेव्हा जा. केसाला हिसका बसू देऊ नकोस. आणि जागा झालाच तर घाबरू नकोस. रागीट आहे मेला, पण मी वाढवलाय त्याला. रीत मोडायचा नाही.'

बकुळा माथ्यावर पोचली तेव्हा राक्षस वडाखाली घोरत होता. शेजारी वारा बांधलेला, बारीक आवाजात कण्हत होता. बकुळाने चाकू उघडला. पातळ पातं पहिल्या वेणीवर, अगदी मानेपाशी, अलगद फिरवलं, एकेक पेड सुटत गेला आणि वेणी गळून पडली. राक्षस घोरतच होता. दुसरी वेणीही तशीच कापली. वाऱ्याला एवढा आनंद झाला की त्याने सुटल्या हाताने बकुळाच्या तोंडावर झुळूक सोडली. आणि बकुळाला आली शिंक.

राक्षस उठून बसला. डोळे असे लाल. 'काय करतेस गं?' म्हणाला. 'तो चाकू दे इकडे.'

बकुळाला हौसाची परात आठवली. मग तिने धीर धरला आणि उघडा चाकू सरळ त्याच्या हाताशी नेला. 'घे,' म्हणाली.

राक्षसाने चटकन हात मागे घेतला. 'अगं अगं, हातात काय देतेस? भांडण होईल ना आपलं. खाली ठेव.'

आता मला सांगा, वाऱ्याला बांधून ठेवलंय, अख्खं राज्य उपाशी पाडलंय, आणि याला भांडणाची काळजी. पण रीत म्हणजे रीत.

बकुळा म्हणाली, 'खाली माती आहे. माझ्या आत्याच्या पानाचा चाकू आहे हा, मातीत कसा ठेवू? पाट आण, पाटावर ठेवते.'

राक्षसाने डोकं खाजवलं. त्याला ते पटलं. 'तेही खरंच,' म्हणाला, आणि निघाला गुहेकडे पाट आणायला. तिसरी वेणी त्याच्या डोक्याला होतीच की, आणि दुसरं टोक वडाला. तो जसजसा पुढे गेला तसतशी वेणी ताणत गेली. गुहेच्या दाराशी पोचला तेव्हा ती अशी ताठ झाली की वर कपडे वाळत घालावेत. तो वाकून आत हात घालून पाट चाचपतोय, तोवर मागोमाग आलेल्या बकुळाने मानेपाशी ताठ वेणीला नुसतं पातं टेकवलं. टचकन वेणी तुटली, वारा सुटला आणि राक्षस धाडकन गुहेत तोंडावर पडला.

उठला, पाट घेऊन तणतणत बाहेर आला. आता खाऊनच टाकतो म्हणाला. तेवढ्यात सुटलेला वारा त्याच्या उघड्या मानेवरून गेला. राक्षस जागच्या जागी थांबला. त्या मानेला जन्मात वारा लागला नव्हता. तो मानेवर हात फिरवायला लागला. 'हे काय झालं?' म्हणाला. 'इथे गार का वाटतंय?'

'केस गेले तिथले,' बकुळा म्हणाली. 'एवढं रान डोक्यावर वाढवलं तर उकडणारच. वाऱ्याला बांधून काय उपयोग, तो आत शिरणार कुठून? बैस पाटावर.'

आणि राक्षस बसला की पाटावर, मांडी घालून. बकुळा मागे उभी राहिली आणि त्या एवढ्याशा चाकूने त्याच्या जटा उतरवायला लागली. दर झुपक्याला राक्षस म्हणायचा, 'अहाहा.' वारा जायच्या ऐवजी तिथेच घुटमळून त्याच्या टाळूवर फुंकर घालत होता. शेवटी राक्षस हसायला लागला. तो हसलेला आवाज ऐकून त्याची म्हातारी आजी वर आली, नातवाचं डोकं बघितलं आणि म्हणाली, 'किती वर्षं सांगतेय रे तुला.'

मुकुंदा, ऐकतोयस ना? बरं.

मग सगळे डोंगर उतरून खाली आले. पुढे वारा, मागे बकुळा, तिच्यामागे आजीला खांद्यावर आणि पाट काखेत घेतलेला राक्षस. लोक पळायला लागले, पण वारा आल्याचं कळलं तसे खळ्यांकडे धावले. राक्षस म्हणाला, 'मी पण उपणतो.' त्याला तिवईसुद्धा लागेना. नुसता उभा राहिला आणि उंचावरून सूप सोडलं. भुसा उडून डोंगरापलीकडे गेला आणि खाली मोत्यांसारख्या ज्वारीच्या राशी पडल्या.

संध्याकाळी घरोघर चुली पेटल्या. पहिली भाकरी हौसाला मिळाली, अख्खी, वर लोण्याचा गोळा. ती राक्षसाच्या पाटावर बसून जेवली, आणि उरलेला तुकडा तिने आपल्या हाताने राक्षसाला भरवला. त्याला तो दातालासुद्धा लागला नसेल, पण म्हणाला, पोट भरलं.

बकुळाने मिटलेला चाकू आत्याबाईंपुढे जमिनीवर ठेवला. आत्याबाईंनी तो उचललाच नाही. बकुळाला जवळ ओढून घेतलं, पोटभर रडल्या, मग म्हणाल्या, 'तुझ्याकडेच राहू दे. मी देठ नखाने खुडीन.' तेव्हापासून तो चाकू बकुळाच्या कनवटीला. पेरू कापायला, दोरा तोडायला, आणि वर्षातून एकदा जटाळ्या पाट घेऊन यायचा, त्याचे केस उतरवायला. सगळी पोटभर जेवली, गार वाऱ्यात झोपली आणि सुखात राहिली. आता तुम्हीही झोपा. डोळे मीट चिंगे.

काय रे मुकुंदा? अजून जागाच?

काय म्हणालास? उद्या पाटावर बसवशील तर कापून घेशील?

बसवीन हो माझ्या राजा. देव्हाऱ्यापुढचा मोठा पाट काढीन तुझ्यासाठी. झोप आता.