सरवालचं पाणी

“मग बाबा, लोकांना परत जा म्हणून सांगताय ना?”

नसरुल्लानं हे तिसऱ्यांदा विचारलं. उद्या सकाळी छावणीपुढं सात ट्रक लागायचे होते. नदीपलीकडची लढाई काही थांबली नव्हती. पण सरवाल गाव मोकळं झालंय, तीन वर्षांपूर्वी तिथून पळून आलेल्यांना घरी धाडा, असं सरकारनं ठरवलं. ठरवणाऱ्यांच्या बापाचं काय जातं...

माणसं मात्र मुरादबाबांच्या शब्दाशिवाय जागची हलेनात. नसरुल्ला याच फकिरापुढं अक्षरं गिरवून साहेब झालेला, म्हणून त्याला पाठवलं.

“तू पाहून आलास गाव?”

“कागद आहे ना, बाबा. विहीरसुद्धा उपसून साफ केलीय, तशी नोंद आहे.”

“कागदाला तहान लागत नाही रे, नसरू.”

नसरुल्लाला ते झोंबलं.

“तुम्हीच म्हणता, मरण यावं तर आपल्या मातीत.”

“म्हणतो.”

“मग?”

बाबांनी मान वळवून मागं पाहिलं.

तंबूच्या कोपऱ्यात हमीदा बसली होती. पंधरवड्यापूर्वीच्या पहिल्या ट्रकनं ती दोन लेकरं घेऊन गावी गेली. परवा एकटीच चालत आली, काखेत कळशी. तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द नव्हता.

बाबांनी हात पुढं केला. तिनं कळशी दिली.

सरवालची एक रीत होती. कुणाला घरी बोलावलं, की पाण्याचा पहिला घोट बोलावणाऱ्यानं घ्यायचा. मगच भांडं पाहुण्याच्या हाती. नसरुल्ला त्याच गावचा. त्याला ही रीत कोण शिकवणार?

बाबांनी कटोरा भरून त्याच्यापुढं सरकवला.

“आपल्या विहिरीचं आहे. बोलावतोयस तू. घे.”

नसरुल्लानं कटोरा उचलला. पाण्यावर तेलकट तवंग होता. वास नाकात गेला... त्यानं हमीदाकडं पाहिलं. ती कळशीकडं बघत होती.

त्यानं कटोरा खाली ठेवला.

“मला... तहान नाही, बाबा.”

“मला आहे. तीन वर्षांची.”

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी कटोरा उचलला. डोळे मिटले. ओठांशी नेला.

नसरुल्लानं झडप घालून त्याचं मनगट धरलं. पाणी दोघांच्या हातांवर सांडलं.

“पिऊ नका, बाबा. तुमच्यापुढं हात जोडतो, पिऊ नका.”

तंबूबाहेर अख्खं गाव उकिडवं बसलं होतं.

“एवढंच,” बाबा म्हणाले, “बाहेर जाऊन सांग.”