भिवराआजीच्या गोवऱ्या

वाघजाळीच्या स्मशानाअलीकडे दगडांची एक बुटकी रास आहे आणि तिच्याशेजारी गवताने शाकारलेला गोवऱ्यांचा उडवा, म्हणजे रचलेला ढीग. त्यातली एक गोवरीही कुणी चुलीसाठी नेत नाही. का, असे विचारले की गावकरी भिवराआजीची हकीकत सांगतात.

भिवराआजीला मागेपुढे कुणी नव्हते. मेल्यावर आपल्याला अग्नी मिळणार की नाही, या धास्तीने ती खंगली होती, म्हणे. शेवटी तिने स्वतःच शेण गोळा केले, गोवऱ्या थापल्या, खडखडीत वाळवल्या आणि चुलीवरच्या माळ्यावर रचून ठेवल्या. बायका चेष्टा करायच्या, "म्हातारी सोताच्या सरणाखाली भाकरी भाजतीया." ती हसायची नाही.

त्या साली मृगाआधी, रोहिणी नक्षत्रातच आभाळ भरून आले आणि गावाने घाई केली. अर्ध्या ओल्या गोवऱ्यांचेच उडवे रचून वरून शेणाने लिंपून टाकले. मग जो पाऊस लागला तो हटेना. महिन्याने उडवे फोडले तर आत नुसता बुरशीचा लगदा. लाकूडफाटाही भिजलेला. एकेक चूल विझत गेली.

शेजारच्या तुळसाची लेक सातव्याच महिन्यात बाळंत झाली होती. शेकावाचून पोर निळे पडू लागले, तेव्हा तुळसा आजीच्या दारात येऊन बसली.

"आजी, लेकरू गार पडत चाललंय. एक पाटी गोवऱ्या दे."

"ते माझं सरण हाय गं. मला दुसरं कोन देणार?"

तुळसा दारातून उठली नाही. आजीला तिचा राग आला, पोराचा आला, पावसाचाही आला. मग तिने माळ्याला शिडी लावली.

रोज एक पाटी जाऊ लागली. माळा रिता होताना आजी खाली बसून रडायची, असे सांगतात. शेवटची पाटी तर तिने दोनदा माघारी ओढली. पोर जगले. आजी त्याच आठवड्यात गेली. पाऊस चालूच होता आणि गावात जाळायला काडी नव्हती. तिला खड्ड्यात पुरले, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. जन्मभर जी धास्ती घेतली, तीच तिच्या वाट्याला आली.

आजही उडवा लिंपण्याआधी घरची बाई एक गोवरी मोडून बघते. कट्‌कन मोडली, तर पहिल्या पाच गोवऱ्या त्या राशीपाशी नेऊन ठेवते. ज्याला कुणी नाही, त्याचे सरण याच गोवऱ्यांनी रचतात. भिवराआजीनंतर वाघजाळीतून अग्नीवाचून कुणी गेलेले नाही.