पाचवी डिस्क

“आजवर किती गमावलंस?”

इंद्रजित गडबडला. आजवर डिस्कचे किती संच वाढवलेस, असं अक्का विचारतील म्हणून तो आकडा जिभेवर तयार ठेवूनच पुण्याहून तांबडवाडीच्या मठात आला होता.

“काहीच नाही,” तो म्हणाला. “एक फाईल गेलेली नाही माझ्या हातून.”

“बरं,” अक्का म्हणाल्या. “हातपाय धुऊन घे. आमटी गरम आहे.”

एवढंच. ज्या संचासाठी बोलावलं, त्याच्या पासवर्डाचं नाव नाही.

या विमलअक्का टेलिफोन खात्यात सव्वीस वर्षं काढून मठात आलेल्या. मठातल्या पोथ्यांचं पानन् पान त्यांनीच स्कॅन केलेलं. पुढं मूळ पोथ्यांना वाळवी लागली आणि निम्म्याहून जास्त पानांची अक्षरशः माती झाली. जे उरलं ते चार डिस्कच्या एका संचात. दुसरी प्रत होती, ती मागच्या महिन्यात बंद पडली, आणि एवढं सगळं मावेल अशी जागा मठात दुसरी नव्हती.

संचाची गंमत अशी, की प्रत्येक पानाचे तुकडे चारही डिस्कवर वाटलेले. एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचा वाटा परत उभा करतात. पण आता चौघीही थकलेल्या. म्हणून पाचवी आणली होती. ती घालून सगळी पानं नव्यानं वाटायची, म्हणजे दोघी गेल्या तरी पोथ्या जगतील.

मेख एवढीच, की ही वाटणी चालू असताना संच धड जुना नसतो, धड नवाही नसतो. तेव्हा चूक झाली तर सगळंच गेलं.

याआधी दोन तज्ज्ञ येऊन, जेवून, पासवर्ड न मिळताच परत गेल्याचं इंद्रजितला जेवतानाच कळलं. आपल्यालाही कुणी नवशिक्या समजतं की काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सरळच विचारलं.

“अक्का, मला का बोलावलंत मग?”

अक्कांनी कोपऱ्यातलं एक जुनं खोकं त्याच्यासमोर ठेवलं. त्यात चार छोट्या डिस्क, सोबत सुटी पाचवी. आत मठाच्या भटारखान्याच्या याद्या होत्या, गेल्या तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

“यावर करून दाखव.”

इंद्रजितला हसू आलं. अपमानही वाटला. पण हात शिवशिवत होते. त्यानं पाचवी डिस्क बसवली, भराभर आज्ञा टाईप केल्या आणि हाताची घडी घालून बसला. काम मात्र देखणं केलं होतं पोरानं, यात शंका नाही.

अक्का शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. दुपार झाली.

“निम्मं झालं?”

“होत आलं. बेचाळीस टक्के.”

अक्का उठल्या, पदर खोचला, आणि भिंतीतला प्लग ओढून काढला.

पडदा काळा झाला.

इंद्रजित दचकला नाही. वीज जाणार हे धरूनच आपण काम करतो, असं त्यानं त्यांना शांतपणे समजावलं. जो तुकडा हलवायचा, तो आधी एका राखीव फाईलीत उतरवून ठेवायचा, मगच हलवायचा. वीज आली की संच त्या फाईलीवरून पुढं सुरू होतो.

“लाव तर,” अक्का म्हणाल्या.

त्यानं प्लग लावला. खोकं घरघरलं. संच उघडण्याआधी यंत्रानं राखीव फाईल मागितली.

इंद्रजितनं ती शोधली. पुन्हा शोधली. त्याची बोटं थांबली.

“कुठं ठेवलीस?”

“एका वेगळ्या कप्प्यात.”

“आणि तो कप्पा?”

“तो याच संचावर काढलेला,” इंद्रजित म्हणाला.

फाईल मिळाल्याशिवाय संच उघडणार नव्हता. संच उघडल्याशिवाय फाईल मिळणार नव्हती. किल्ली आत ठेवून कुलूप लावलं होतं त्यानं.

अक्का शेंगांची टरफलं गोळा करत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“मिरजेलाही असंच झालं असणार,” तो हळूच म्हणाला. “मला आत्ता कळतंय.”

मग त्यानं सांगितलं, खाली मान घालून. बापू तारळेकर म्हणून मिरजेचे एक म्हातारे फोटोग्राफर. चाळीस वर्षांचे फोटो, लग्नं, बारशी, आता हयात नसलेल्या माणसांचे चेहरे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा संच इंद्रजित वाढवत होता, आणि मध्येच वीज गेली. तो संच पुन्हा कधी उघडलाच नाही. डिस्कच खराब निघाली, असं त्यानं बापूंना सांगितलं. बापूंनी विश्वास ठेवला. वर त्याच्याच पाठीवरून हात फिरवला, तुझा काय दोष म्हणाले, आणि चहा पाजला.

“तो चहा अजून घशात अडकलाय, अक्का.”

दोष डिस्कवर ढकलला, त्यामुळं आपली चूक कुठं झाली हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. या पोथ्या वाचवल्या तर छातीवरचं ओझं थोडं उतरेल, म्हणून तो धावत आला होता.

अक्कांचे डोळे भरून आले होते.

इंद्रजितनं पिशवी उचलली. “मी निघतो. तुमच्या पोथ्यांना माझा हात लागायला नको.”

अक्कांनी कागदाच्या कपट्यावर काहीतरी लिहिलं आणि तो त्याच्या मुठीत ठेवला. त्यानं उघडून बघितलं. मोठ्या संचाचा पासवर्ड होता.

“अक्का... मी आत्ता काय सांगितलं ते...”

“ऐकलं.”

त्यानं पिशवी खाली ठेवली, बाहीनं डोळे पुसले, आणि मोठ्या संचासमोरची खुर्ची ओढली.

अक्कांनी कीबोर्डवर आपला तळवा ठेवला.

“पोथ्या थांबतील. आधी मिरजेला फोन लाव.”