फक्कीचा उंबरा

"पण जागा रिकामी आहे, उस्ताद. रिकाम्या जागेवर बांधायचं नाही, तर कुठं बांधायचं?"

हैदर उस्ताद ओट्यावर बसून दोरी गुंडाळत होते. शंभर फुटांची सुती दोरी, दर दहा फुटांवर गाठ. त्यांनी एक गाठ बोटांनी चाचपली आणि पुढच्या गाठीकडे वळले.

सुहास गुरव हा नगरपालिकेचा बांधकाम अभियंता. डिप्लोमाला जाण्यापूर्वी एक वर्ष तो याच उस्तादांच्या हाताखाली विटा रचायला शिकला होता. आता त्याच्या हाताखाली सात माणसं होती.

गावात एक रीत होती. घर कुणाचंही असो, पायाची पहिली खुंटी हैदर उस्तादांनी मारायची. त्यांनी आखलेली घरं पुरातही उभी राहिली, असं लोक सांगत. उस्ताद म्हणत, पडली त्यांची नावं लोक विसरतात.

"उद्या अकराला सभा आहे," सुहास म्हणाला. "अठ्ठेचाळीस घरं. पुरात सगळं गेलेली माणसं पाच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहतायत. उद्या मंजुरी मिळाली नाही तर योजनेची मुदत संपते. मग पुन्हा कधी, कुणाला ठाऊक. तुम्ही सकाळी खुंटी मारलीत, तर सभेत कुणी तोंड उघडणार नाही."

"आत्ता कोण उघडतंय?"

"पोस्टल कॉलनीवाले. त्या डबीरबाई. रस्ताभर 'हिरवळ वाचवा'चे फलक लावलेत. आता त्यांच्या बाजूनं आठ फुटी भिंत देतोय मी. नवी माणसं दिसणारसुद्धा नाहीत त्यांना. तरी ऐकत नाहीत."

"दिसणार नाहीत?"

"एकही नाही."

"वा," उस्ताद म्हणाले. "फार लांबची माणसं आणतोयस वाटतं."

सुहासने नकाशाची गुंडाळी ओट्यावर उलगडली. चारही कोपऱ्यांवर पेला, अडकित्ता, चष्म्याची डबी आणि स्वतःचा मोबाइल ठेवला. कागदावर हिरवळीच्या मधोमध तीन इमारती होत्या. भोवती पट्ट्यापट्ट्यांनी उरलेलं गवत हिरव्या रंगात भरलं होतं.

"बघा तरी."

"मला कागद कळत नाही."

"कळतो तुम्हाला. माझ्या ड्रॉइंगमधला जिना चुकलाय हे तुम्हीच दाखवलं होतंत."

"तेव्हा कळत होता."

"फक्कीच्या चार गोण्या आण," उस्ताद शेवटी म्हणाले. "उजाडताना. जमिनीवर काढ. घराएवढं घर."

"सगळं?"

"एका इमारतीचा तळमजला काढ. बाकीचे त्याच्याच डोक्यावर बसणार ना?"

सुहास हसला. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. आपला नकाशा त्याने कधी खऱ्या मापात पाहिलेला नव्हता.

* * *

पौषातली सकाळ होती. गवत दवाने पांढरं झालं होतं.

हिरवळीच्या तोंडाशी, रस्त्याच्या बाजूला, एक कडुनिंब होता. त्याच्या बुंध्याशी चपलांची ओळ लागली होती. कॉलनीतली माणसं रोज सकाळी दवात अनवाणी चालत. चपला इथे ठेवत. त्या दिवशी अकरा जोड होते. उस्तादांनी आपला बारावा ठेवला आणि गवतात उतरले.

सुहासच्या पायांत साइटवरचे नवे बूट होते. तो तसाच पुढे गेला.

"उस्ताद, पाय गारठतील."

"गारठू देत."

शेडमधले चौघे बिगारी काम करायला आले होते. त्यांच्यासाठीच ही घरं होती. त्यांनी दोरी ताणली. उस्तादांनी तीन-चार-पाचच्या मापाने काटकोन साधला. सुहास पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून केलेल्या चाळणीने फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, सोडत चालला. पांढरी रेघ उमटत गेली. एक खोली झाली. दुसरी झाली. मोरी, ओटा, दार. दारासाठी तीन फूट रेघ सोडायची आणि तिथे एक बारीक रेघ उंबऱ्याची.

साडेसातला आठ घरं जमिनीवर होती.

सुहास मागे सरून पाहत राहिला. कागदावर बोटभर असलेली खोली आता त्याच्यापुढे पसरली होती.

तोवर शेडमध्ये बातमी गेली होती.

आधी दोघीतिघी आल्या. मग सगळेच आले. कडेवर पोरं, हातात दातवण, एकीच्या हातात उकळत्या चहाचं पातेलंच.

"माझं कुठलं?" द्वारकाबाई लोखंडेंनी विचारलं. शेडमध्ये कुणाचं काही अडलं की माणसं त्यांच्याकडे जात. पुरात त्यांचं घर पहिल्या रात्रीच गेलं होतं.

"नंबर सोडतीने ठरतील," सुहास म्हणाला.

"ठरू देत. आजच्यापुरतं सांगा."

"मग हे घ्या. तीन नंबर."

द्वारकाबाई दारापाशी गेल्या आणि थांबल्या. पदर सारखा केला. मग आत गेल्या. आत उभ्या राहून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं, जसं काही भिंतीच पाहतायत.

"ओटा हितं? मग खिडकी?"

"ओट्याच्या वर."

त्यांनी ओट्याच्या रेघेपाशी उभं राहून बाहेर पाहिलं. हात आपोआप कणीक मळल्यासारखे हलले. शेजारच्या घरातून आवाज आला, "काय केलंय गं आज?"

"वांगं. वाटी पाठव."

हशा उसळला. मग कुणाला आवरेना. एक गडी पुढच्या खोलीत आडवा झाला आणि पाय लांब करून म्हणाला, "मावतोय. बायको कुठं झोपंल तेवढं इचारा." पाच नंबरात दोघी मोरीवरून भांडायला लागल्या. आठ नंबरातल्या म्हाताऱ्याने नसलेलं दार ओढून घेतलं, कडी लावली आणि आतून ओरडला, "कोण हाय?"

इतक्यात द्वारकाबाईंची सासू काठी टेकत आली आणि सरळ रेघ ओलांडून आत शिरली.

"आत्याबाई, भिंतीतून आलात," द्वारकाबाई म्हणाल्या.

म्हातारीने खाली पाहिलं. "अगं बया." ती आल्या पावली मागे गेली, वळसा घालून दाराशी आली, वहाणा काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि मग आत आली.

सुहास एका घरातून दुसऱ्या घरात फिरत होता. नळ इथे, दिव्याचं बटण इथे, इथे कपाट ठेवता येईल. घाम फुटला होता त्याला, पौषात.

"पाहिलंत, उस्ताद? पाहिलंत?"

उस्ताद दारांकडे पाहत होते.

प्रत्येक उंबऱ्याबाहेर चपला होत्या. तीन नंबरापुढे सहा जोड. पाचपुढे नऊ. नुसत्या फक्कीच्या रेघेबाहेर, गवतावर. कुणी कुणाला काढायला सांगितलं नव्हतं.

* * *

आठच्या सुमारास नलिनी डबीर आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, वय सत्तरीच्या पुढे. मागे कॉलनीतली चालणारी मंडळी होती.

"गुरव, सभा अकराला आहे. तुम्ही आठलाच घरं उठवलीत?"

"फक्की आहे, मॅडम. दवाने जाईल."

"गेली नाही तर? पंचवीस वर्षं आम्ही या हिरवळीला जपलंय. पाण्याचे टँकर आणलेत. म्हशी हाकलल्यात. तुमच्या दप्तरी रिकामी जागा म्हणून लिहिलंय. रिकामी होती का हो ही?"

पातेलं घेतलेली बाई दोन पावलं मागे सरली. द्वारकाबाई तेवढ्या तीन नंबरच्या दारात आल्या.

"या ना बाई," त्या म्हणाल्या. "पहिल्या पाव्हण्या तुम्ही."

नलिनीबाई घुटमळल्या. भांडायला आलेल्या माणसालाही दारातून असं बोलावल्यावर नाही म्हणता येत नाही. त्या पुढे आल्या. उंबऱ्यापाशी सवयीने एक पाय मागे घेतला, चप्पल सोडायला. पायात चप्पल नव्हती. ओल्या पावलांना गवताची पाती चिकटली होती.

"चपला कुठं तुमच्या?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"तिकडे. कडुनिंबाखाली."

द्वारकाबाईंनी मान वर करून कडुनिंबाकडे पाहिलं. ती ओळ पाहिली. मग स्वतःच्या दारापुढच्या चपला पाहिल्या.

"म्हणजे बाई... तुम्ही मघापासून आतच हाय की."

त्यांनी पायाखालच्या रेघेकडे पाहिलं. "आन् आम्ही तुमच्या घरात घर मांडलंय."

आठ नंबरातल्या म्हाताऱ्याने हळूच कडी काढली.

सुहासने मागे वळून पाहिलं. गवतात बुटांचे ठसे उमटले होते. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून शेजारच्या मोरीत, तिथून पुढच्या घरात. जिथे जिथे तो गेला होता, तिथे तिथे भिंत फरकटली होती. सोळा ठिकाणी. म्हातारीचं एक सोडलं, तर दुसरं कुणीही भिंतीतून गेलं नव्हतं.

त्याने उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद चहा फुंकत होते.

"मग उंबरा तिकडंच न्या की," म्हातारी खाली बसत म्हणाली. "झाडापाशी. समद्यांचा एकच होईल."

"आत्याबाई, तसं नसतं."

"का नसतं? वाडीवस्तीवर काय असतं मग? घरं कडेला, अंगण मधी. ह्यानं अंगणात घरं घातली."

सुहास उभाच राहिला. कडुनिंबाच्या पलीकडे, रस्त्याला लागून, नगरपालिकेचा जुना कोंडवाडा होता. पडक्या भिंती, वेडी बाभूळ, कॉलनीने आणि शेडने मिळून टाकलेला कचरा. नकाशात तिथे त्याने पार्किंग दाखवलं होतं, आणि उद्घाटनाच्या नावांसाठी एक कमान.

"रुंदी किती असेल?" तो स्वतःशीच म्हणाला.

"चाळीस फूट," एक बिगारी म्हणाला. "लांबी बक्कळ हाय."

"लांबट बसेल. तीनच्या ऐवजी एकच इमारत, चार मजली. कमान नको. ती भिंतपण..." त्याचा आवाज चढत गेला. "एका मजल्यावर बारा. बारा चोक अठ्ठेचाळीस. बसतायत, उस्ताद. सगळी बसतायत."

"मला काय सांगतोस? त्यांना सांग."

नलिनीबाई तीन नंबरातच उभ्या होत्या. त्यांनी रस्त्यापलीकडच्या आपल्या घराकडे पाहिलं. मध्ये चार मजले उभे राहिले तर काय होईल हे त्यांना दिसत होतं.

"आमच्या गॅलरीतून हिरवळ दिसायची नाही मग."

"आमच्या गॅलरीतून बघा," द्वारकाबाई म्हणाल्या.

"रोज येऊ?"

"रोज चालता ना? मग."

मागून कॉलनीतले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हे आपलं ठरलेलं नव्हतं," आणि आपल्या चपलांकडे निघून गेले. आणखी दोघे त्यांच्यामागे गेले. बाकीचे थांबले.

"सभेत मी काय बोलेन ते आत्ता सांगणार नाही," नलिनीबाई म्हणाल्या.

"नका सांगू. चहा तरी घ्या."

"साखर आहे का त्यात?"

"हाय."

"अर्धाच द्या."

त्या फक्कीच्या भिंतीला पाठ लावल्यासारख्या ताठ बसल्या आणि बशीत चहा ओतला.

* * *

नऊ वाजले. दव उडालं होतं. सुहासने नकाशा गवतावर पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने एक लांब चौकोन काढला. रेघ सरळ आली.

"दोन तास आहेत," तो म्हणाला. "सभेपुढे हाच ठेवतो. चिडतील. हा काय नकाशा आहे का म्हणतील. मीच आणलेला ठराव मीच बदलतोय म्हणतील. सर्व्हिस बुकात शेरा लिहून ठेवतील." तो थांबला. "पण हे लोक येतील ना सभेला? हे सगळे?"

"चुली घेऊन येतो," द्वारकाबाई म्हणाल्या.

"चुली नकोत."

बिगाऱ्यांनी दोरी गुंडाळून आणली. सुहासने ती दोन्ही हातांनी उस्तादांपुढे धरली, एकोणीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी धरली होती तशी.

"उस्ताद, आता तरी खुंटी मारा."

उस्तादांनी दोरी घेतली आणि ते उठले. गवतातून अनवाणी कडुनिंबाच्या दिशेने चालू लागले. सुहास मागे निघाला. दोन पावलांवर रेघ आली, तेव्हा तो थबकला, वळसा घालून तीन नंबरच्या दारातून बाहेर पडला.

मग खाली वाकला आणि लेस सोडायला लागला. गाठ ओली झाली होती, सुटेना. सुटली तेव्हा त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एकीकडे कडुनिंब होता, पलीकडे कोंडवाडा, त्याच्यापुढे रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडे कॉलनी. मागे आठ दारांपुढे चपला.

"उस्ताद... बूट कुठं काढू?"

उस्तादांनी दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. खुंटी आणि हातोडा स्वतःकडे ठेवला.

"तू काढशील तिथं मी पहिली खुंटी मारतो."